भावाने अ‍ॅपवरून घेतलेलं कर्ज: फेडायचं कोणी आणि जबाबदार कोण?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर लक्षात येईल. तुमचा भाऊ 21 वर्षांचा आहे, पुण्यात डिप्लोमा करतो, संध्याकाळी पार्सल पोचवायचं काम करून महिन्याला 9-10 हजार मिळवतो. वर्षभरात त्याने मोबाईलवरच्या सात अ‍ॅपवरून कर्ज उचललं आणि आज सगळे मिळून 74 हजार मागताहेत. रिकव्हरीवाल्याने थेट तुमच्या मावशीला फोन केला, तेव्हा घरी कळलं. बाबा म्हणतात, त्याने घेतलं, त्यानेच फेडावं. आई सोनं मोडायला निघाली आहे. भाऊ म्हणतो, मला फसवलंय, मी कुणाचं काही लागत नाही. आणि तुम्ही विचारताय की ही जबाबदारी खरी कोणाची.

मी 22 वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम केलं. गेली आठ वर्षं अशा अडकलेल्या मुलांच्या शेजारी बसून त्यांचे हिशेब लावतो. तुमच्या घरासारखी भांडणं मी खूप ऐकली आहेत. त्यांत बहुतेक वेळा तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. पैसे कोणी फेडायचे, हे बाबा सांगताहेत. चूक कोणाची, हे भाऊ सांगतोय. आणि हा त्रास आत्ता कोण थांबवणार, एवढंच आईला दिसतंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. घेतलेले पैसे फेडायची जबाबदारी भावाची आहे. पण हा मुलगा ते फेडू शकेल का, हे बघून मगच पैसे द्यायची जबाबदारी देणाऱ्याची होती. ती त्याने पाळली नाही, म्हणून तिचा भार तुमच्या आईच्या बांगड्यांवर येता कामा नये.

आता काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. सातांपैकी किती अ‍ॅपच्या मागे खरी बँक किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली वित्त कंपनी, म्हणजे एनबीएफसी आहे? अर्ज भरताना भावाने पगाराचा आकडा फुगवला होता का, मित्राची सॅलरी स्लिप लावली होती का? पहिलं कर्ज घेतलं त्या दिवशी तो 18 पूर्ण होता ना? तुमच्या सांगण्यावरून होता. पण ज्यांची मुलं त्याहून लहान आहेत त्यांच्यासाठी सांगतो: 1872 च्या करार कायद्याच्या कलम 11 प्रमाणे अज्ञानाला, म्हणजे 18 पूर्ण नसलेल्याला, करार करताच येत नाही. 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, मोहरी बीबीच्या खटल्यात असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. गंमत म्हणून नव्हे, मुद्दा म्हणून सांगतो, त्या खटल्यात घर गहाण ठेवणारा मुलगा अज्ञान आहे हे सावकाराच्या माणसाला आधीच माहीत होतं. समोरचा कोण आहे हे बघायची जबाबदारी देणाऱ्याची, ही गोष्ट आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिले पैसे कशासाठी गेले? याच्याकडे मी शेवटी येतो.

74 हजार हा आकडा ऐकून बाबांना वाटलं असेल की पोराने 74 हजार उडवले. जवळजवळ कधीच तसं नसतं. गेल्या पावसाळ्यात एक 20 वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. फोन टेबलावर पालथा ठेवलेला. तो थरथरला की मुलाचा हात तिकडे जायचा आणि तिथेच थांबायचा. तासाभरात अकरा वेळा थरथरला. आम्ही वही उघडली, बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवलं आणि एकेक ओळ लिहून काढली. सुरुवात फोनच्या फुटलेल्या काचेपासून. फोन नाही तर डिलिव्हरीचं काम नाही. अ‍ॅपने 5 हजार मंजूर दाखवले, खात्यात 3 हजार आले आणि सातव्या दिवशी मागितले 5 हजार. बाकीचे 2 हजार 'प्रोसेसिंग'. सहाव्या दिवशी सकाळपासून शिव्या सुरू. त्याने दुसऱ्या अ‍ॅपवरून उचलून पहिल्याचे भागवले, मग तिसऱ्यावरून दुसऱ्याचे. याची टोपी त्याला, त्याची टोपी याला. चार महिन्यांनी वहीतला हिशेब असा होता: सगळ्या अ‍ॅपवरून मिळून खात्यात आले 1,12,400 रुपये. अ‍ॅपना परत गेले 1,31,000. म्हणजे स्वतःसाठी त्याने वापरले ते पहिले 3 हजार. स्वतःच्या कमाईतले आणि मित्रांकडून घेतलेले 21,600 वरून घातले. आणि तरीही त्या दिवशी सगळे मिळून 46 हजार मागत होते. आकडे लिहून झाल्यावर तो बराच वेळ 3 हजारांच्या ओळीवर बोट ठेवून बसला होता.

तुमच्या भावाचं असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. वही उघडल्याशिवाय कळणार नाही. पण 'आज किती मागतात' हा आकडा बाजूला ठेवा. 'किती आले' आणि 'किती गेले' हे दोन आकडे काढा. घरातल्या बोलण्याचा सूर तिथेच बदलतो.

आता देणाऱ्यांकडे वळू. सातही अ‍ॅप एका मापाने मोजू नका, त्यांत दोन जाती आहेत.

पहिली जात बिनपरवान्याची. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2021 मध्ये डिजिटल कर्जांवर एक कार्यगट नेमला होता. त्याला दोन महिन्यांच्या शोधात 80 हून जास्त अ‍ॅप स्टोअरवर मिळून साधारण 1100 कर्ज देणारी अ‍ॅप सापडली आणि त्यातली 600 बेकायदा होती. निम्म्याहून जास्त! ओळखायची खूण सोपी आहे. मुदत सात-आठ दिवसांची. हातात येणारी रक्कम मंजूर रकमेहून बरीच कमी. पैसे परत करायला दर वेळी नवाच यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड, तोही कुणा व्यक्तीच्या नावाचा. आणि फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो मागणं. असे लोक कागदावर तुमचा भाऊ देणं लागतो असं म्हणू शकत नाहीत. महाराष्ट्रात सावकारीसाठी 2014 चा कायदा आहे. त्यात परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे आणि बिनपरवाना सावकाराच्या बाजूने कोर्टाला हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा आदेश, देता येत नाही. म्हणून ते कोर्टात जात नाहीत, मावशीला फोन करतात.

दुसरी जात नोंदणी असलेल्या कंपन्यांची. इथे हिशेब कागदावर असतो, फक्त तो मुलांना कोणी वाचून दाखवत नाही. एक नमुना घ्या. 10 हजारांचं कर्ज, 30 दिवसांसाठी. प्रोसेसिंग फी 1500, तिच्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 270. हातात आले 8,230. महिन्याला 3 टक्के व्याज, म्हणून परत द्यायचे 10,300. मुलाला 3 टक्के एवढंच आठवतं. प्रत्यक्षात 8,230 वापरायचे 2,070 पडले, महिन्याला 25 टक्क्यांच्या वर. वर्षाच्या हिशेबाने हा दर 306 टक्के होतो. हाच आकडा कर्ज देण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाच्या कागदावर वार्षिक दर म्हणून छापून द्यावा लागतो आणि त्या कागदावर नसलेला कुठलाही आकार घेणाऱ्याच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. भावाच्या ईमेलमध्ये तो कागद शोधा. सापडला नाही तर ती तुमच्या तक्रारीची पहिली ओळ.

नोंदणी असलेल्यांची जबाबदारी मी जास्त मानतो. चोराकडून आपण प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवत नाही, पण परवाना घेऊन बसलेल्याकडून ठेवतो. बँकेत मी कर्जाची शिफारस लिहायचो तेव्हा खाली माझी सही असायची. कर्ज बुडालं की तीच फाईल दोन वर्षांनी माझ्या टेबलावर परत यायची आणि साहेब विचारायचे, या माणसाचं उत्पन्न तुम्ही कसं धरलं? त्या एका प्रश्नाच्या धास्तीने मी अर्जदाराच्या दुकानात जाऊन गल्ला बघून यायचो. अ‍ॅपवरच्या कर्जात तो प्रश्न कुणाला विचारायचा? अ‍ॅप एका कंपनीचं, पैसा दुसरीचा, वसुली तिसरीकडे. काही वर्षं तर असं चाललं होतं की अ‍ॅपवाली कंपनी बुडीताची हमी घ्यायची आणि परवानावाली कंपनी नुसतं नाव वापरायला द्यायची. ज्याच्या पैशाला धोका नाही, तो कशाला तपासेल? रिझर्व्ह बँकेने जून 2023 मध्ये अशा हमीवर दिलेल्या एकूण कर्जाच्या 5 टक्क्यांची मर्यादा घातली. माझ्या मते हा नियम बाकी दहा सूचनांपेक्षा मोलाचा आहे, कारण बुडालेला रुपया आता मुख्यतः परवाना घेणाऱ्याच्याच खिशातून जातो.

सप्टेंबर 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि नंतर मे 2025 च्या निर्देशांत स्पष्ट लिहिलंय की कर्ज देण्याआधी घेणाऱ्याचं वय, काम आणि उत्पन्न याची माहिती घ्यायची आणि फेडायची ऐपत तपासायची. विचारल्याशिवाय मर्यादा आपोआप वाढवायची नाही. पैसे थेट त्या संस्थेच्या खात्यातून घेणाऱ्याच्या खात्यात आणि परतही तसेच. फोनमधले कॉन्टॅक्ट, कॉल, फोटो यांना हात लावायचा नाही. नको वाटलं तर मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन, दंडाशिवाय बाहेर पडता यावं म्हणून किमान एक दिवस द्यायचा. 10 हजार कमावणाऱ्या मुलाला चौथ्या, पाचव्या कंपनीने कर्ज दिलं तेव्हा त्याच्या नावावरची आधीची कर्जं क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे माणसाच्या सगळ्या कर्जांच्या नोंदीत, दिसत असणार. दिसत असून दिलं असेल, तर 'त्याने मागितलं म्हणून दिलं' हे उत्तर मी मान्य करत नाही.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, अहो, तो सज्ञान आहे, कोणी जबरदस्ती केली नव्हती. खरं आहे. पण नुसता कागद बघून निवाडा करायची पद्धत आपल्या मातीत एकदा करून झाली आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. मागणी मुख्यतः एकच, आमची खतं आणि रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, आमच्या हवाली करा. ते मिळाले की जाळले. हातात कमी आणि खतात जास्त, हेच तेव्हाचंही दुखणं होतं आणि कोर्ट खतावरचा आकडा बघून हुकूमनामा द्यायचं. चार वर्षांनी, 1879 मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. त्यात कोर्टाला खताच्या मागे जाऊन व्यवहार पहिल्यापासून तपासायला सांगितलं. किती दिले, किती फेडले, हे बघा. आपण वहीत करतोय ते दुसरं काय आहे?

त्याहून जुनी आपली दामदुप्पट. थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येणार नाही, एवढा साधा नियम. ब्रिटनमध्ये 'पे डे लोन' म्हणतात, म्हणजे पुढच्या पगारावर दिलेली छोटी कर्जं. तिथे त्यांनी तरुण पोरांना असंच घेरलं. तेव्हा तिथल्या नियामकाने 2 जानेवारी 2015 पासून दोन मर्यादा घातल्या. रोजचा खर्च 0.8 टक्क्यांच्या वर नाही, आणि व्याज, फी, दंड सगळं धरून घेतलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त कधीच परत मागायचं नाही. दामदुप्पटच ही! आमच्या आजोबांना तोंडपाठ असलेला नियम लंडनने लिहून काढला आणि आपल्याकडे मोबाईलवरच्या कर्जांना तो लागू नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लागू का नाही, तेही सांगतो. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांची मर्यादा आहे. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2022 रोजी स्पष्ट केलं. आणि रिझर्व्ह बँक या कंपन्यांना व्याजाचा ठराविक कमाल आकडा घालून देत नाही. अवाजवी नको, एवढंच म्हणते. कधी कारवाईही होते. ऑक्टोबर 2024 मध्ये चार कंपन्यांना अवाच्या सवा दरांवरून नवी कर्जं द्यायला बंदी केली होती, ती पुढे काही महिन्यांत उठली. म्हणजे पेठेतला परवानाधारक सावकार 18 टक्क्यांत बांधलेला आणि खिशातला 306 टक्क्यांवर मोकळा. कायद्यातली ही फट बुजवणं सरकारचं काम आहे. 21 वर्षांच्या मुलाने ती ओळखून बाजूने जावं, ही अपेक्षा मी करू शकत नाही.

इथपर्यंत आलं ते असं: आकडा वहीतून काढायचा, अ‍ॅपच्या दोन जाती वेगळ्या करायच्या, आणि नोंदणी असलेल्यांनी तपासल्याशिवाय दिलं असेल तर ते लेखी विचारायचं. आता भावाकडे.

त्याचा वाटा आहे आणि तो त्याला स्पष्ट सांगावा लागतो. खोटी सॅलरी स्लिप लावली असेल तर ती फसवणूक आहे. तक्रार करताना हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर कंपनी तेच पुढे करते. नोंदणी असलेल्या कंपनीचं कर्ज खरं कर्ज आहे. थकवलं म्हणून कोणी अटक करत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी 'वॉरंट' खोटी असतात. पण वकिलाची नोटीस आली तर फाडून टाकू नका. ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, बाउन्स झाल्यावर 2007 च्या पेमेंट कायद्याच्या कलम 25 खाली चेक बाउन्ससारखा खटला होऊ शकतो, म्हणून नोटिशीचं उत्तर मुदतीत गेलं पाहिजे. 'मला फसवलं, मी काही देत नाही' हे त्याचं वाक्य बिनपरवाना अ‍ॅपच्या बाबतीत चालेल. उरलेल्यांच्या बाबतीत त्याचं वाक्य असं हवं: 'मी देणार आहे, पण हिशेबाने आणि माझ्या ऐपतीप्रमाणे हप्त्याने.'

पुढचं काम मी या क्रमाने करतो. आधी क्रेडिट रिपोर्ट. देशात चार कंपन्या तो देतात: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, कारण एकीकडे नसलेलं कर्ज दुसरीकडे दिसतं. रिपोर्टमध्ये अ‍ॅपचं नाव नसेल, मागच्या एनबीएफसीचं असेल, जुळवून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर 1 जुलै 2025 पासून कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची यादीही आहे. ती संस्थांनी स्वतः भरलेल्या माहितीवर आहे, तेव्हा यादीत नाव आहे म्हणजे कारभार चोख आहे असं समजू नका. पण यादीत नाही आणि रिपोर्टमध्येही नाही, असं अ‍ॅप मी सरळ पहिल्या जातीत टाकतो.

पहिल्या जातीच्या अ‍ॅपला आणखी एक रुपया देऊ नका. अनुभवाने सांगतो, दिल्याने थांबत नाहीत. देणारा आहे हे कळलं की दुसऱ्या नावाने फोन येतात. अ‍ॅप काढून टाकण्याआधी सगळ्या मेसेजचे, नंबरांचे, यूपीआय आयडींचे स्क्रीनशॉट घ्या. मग 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार, आणि त्याची प्रत घेऊन पोलीस ठाणं. धमकी देऊन पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 मध्ये येतं, धमकावणं 351 मध्ये. फोटो विद्रूप करून पाठवला असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67 सुद्धा सांगा. ठाण्यात 'कर्ज घेतलं होतं ना, मग?' असं ऐकायला मिळू शकतं. भावाला एकट्याला पाठवू नका. बाबा शेजारी बसलेले असले की तोच हवालदार वेगळं बोलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

दुसऱ्या जातीच्या प्रत्येक कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. भावाचं उत्पन्न, एकूण देणी, महिन्याला किती देऊ शकतो, आणि मंजुरीच्या वेळी उत्पन्न कसं तपासलं हा प्रश्न. खात्याचा उतारा मागा. दंडावर पुन्हा व्याज लावलेलं दिसलं तर दाखवून द्या, ते आता चालत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचे नाहीत आणि नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, हा ऑगस्ट 2022 चा नियम आहे. मावशीच्या फोनचा नंबर, तारीख, वेळ या तक्रारीत घाला.

मावशीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तिला आजच फोन करून समजावा की तिचा या कर्जाशी काडीचाही संबंध नाही. पतसंस्थेत जामीनदार व्हायला माणूस स्वतः येतो, फॉर्म वाचतो, सही करतो, आणि घरी जाऊन बायकोची बोलणीही खातो. या अ‍ॅपनी भावाच्या फोनबुकातल्या शेकडो लोकांना न विचारताच जामीनदार करून टाकलं. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा येतो. मुलाच्या जवळ तारण ठेवायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी त्याची अब्रू तारण घेतली.

आणि म्हणूनच बाबांना एक विनंती. 'भोग आता' हे वाक्य या आठवड्यात नको. अशा फोनांपायी मुलांनी जीव दिल्याच्या घटना डिसेंबर 2020 मध्ये तेलंगणात इतक्या पुढे आल्या की पोलिसांनी मोठी धरपकड केली. भाऊ जेवत नसेल, झोपत नसेल, सारखं 'मी सगळ्यांना त्रास दिला' म्हणत असेल तर त्याला एकटं ठेवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन सात दिवस तुम्ही सांभाळा, उत्तरं तुम्ही द्या.

आता आईचं सोनं. थोडी मदत करायला माझी ना नाही, पण आत्ता आणि एकरकमी नको. एका वडिलांनी पीएफमधून काढून मुलाचे 90 हजार एका दुपारी भरून टाकले. हिशेब न बघता, मागतील तेवढे. अ‍ॅपच्या नजरेत मुलगा एकदम चांगला ग्राहक झाला, नव्या मर्यादेचे मेसेज सुरू झाले. तीन महिन्यांनी दोघं पुन्हा माझ्यासमोर होते. आधी वही, मग बिनपरवान्याचे वगळा, मग उरलेल्यांशी बोला. थकलेल्या खात्यांत काही कंपन्या दंड सोडतात, काही मुद्दलावरही तडजोड करतात. मात्र 'सेटल्ड' असा शेरा रिपोर्टवर राहतो आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी तो नडतो. म्हणून छोटी खाती पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घ्यावीत, तडजोड फक्त आवाक्याबाहेरच्या खात्याला. भरणा कंपनीच्या खात्यातच, कुणा एजंटच्या यूपीआयवर नाही, आणि आधी तडजोडीचं पत्र हातात, मग पैसे. शेवटी कर्ज संपल्याचा दाखला.

त्यासाठी घरातून पैसे घातलेच तर ते भावाला घरच्या हप्त्याने परत करू द्या, बिनव्याजी, महिन्याला 1500 का होईनात. त्याच्या कमाईतलं जेवण, भाडं आणि कॉलेजची फी आधी बाजूला काढा, त्यावर कुठल्याच ऑटो-डेबिटचा हात नको. बँकेत मॅन्डेट, म्हणजे हप्ता कापायला दिलेली परवानगी, थांबवण्याचा अर्ज करता येतो. पण नोंदणी असलेल्या कंपन्यांना आधी लेखी कळवून मगच तो करा, नाहीतर पळून गेल्यासारखं दिसतं.

राहिला पहिल्या पैशांचा प्रश्न. फोनची काच, कॉलेजची फी, मैत्रिणीचा वाढदिवस, मित्राला दिलेली उधारी, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, मी सगळं ऐकलंय. गेम असेल तर कर्ज फेडून काम संपत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने अशा खेळांवर बंदीचा कायदा केला, तरी सवय कायद्याने सुटत नाही, समुपदेशकाकडे जावं लागतं. फी असेल, तर तो तुम्हाला मागू का शकला नाही, हे घरात बोलावं लागेल. काच असेल तर 3 हजारांची सोय कुठे होऊ शकली असती, तेही बघावं लागेल.

रविवारी बसताय ना? शंभर पानी वही घ्या. बाबांना खोलीत बसू द्या, पण पहिला तासभर त्यांनी काही बोलायचं नाही असं आधीच ठरवा. पहिल्या पानावर पहिलं कर्ज लिहायचं: तारीख, अ‍ॅप, किती दाखवले, किती आले. शेवटचा रकाना 'कशासाठी', आणि तो भावाच्या हाताने लिहू द्या.